परिषद विदर्भातही भरवा: सॉफ्टवेअर परिषदांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
एंटरप्राइज प्रोग्रॅमरांसाठी बंगळुरू, पुणे, हैदराबाद येथे परिषदा भरवणाऱ्या आयोजक समित्या

सप्रेम नमस्कार.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहून मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतो. आमची टीम लहान आहे. पतसंस्थांची खाती, बाजार समितीतली काटापट्टी आणि हिशोबपट्टी, जिनिंग-प्रेसिंगमधला कापूस खरेदीपासून गाठींच्या विक्रीपर्यंतचा हिशेब, अशा कामांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो आणि लिहून झाल्यावर वर्षानुवर्षं सांभाळतो. तुमच्या परिषदांचे कार्यक्रम आम्ही बारकाईने वाचतो, भाषणांची रेकॉर्डिंग मिळतील तेवढी पाहतो. त्यातून पुष्कळ शिकलो. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहावंसं वाटलं.

मागणी आधीच सांगून टाकतो. तुमच्या परिषदेचे दोन दिवस विदर्भातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये घ्या. त्या दोन दिवसांत नव्या आवृत्तीत काय काय आलं हे सांगू नका. जुनी, रोज चालणारी प्रणाली बंद न पाडता नव्या आवृत्तीवर कशी न्यायची, ते आमच्या हातून करून घ्या.

'एंटरप्राइज', म्हणजे मोठ्या संस्थांचं सॉफ्टवेअर, म्हटलं की पुण्याचं हिंजवडी आणि बंगळुरूचं व्हाइटफील्ड डोळ्यांसमोर येतं. तालुक्याच्या गावी असं काय मोठं काम असणार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल, म्हणून थोडं सांगतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, ऐन कापसाच्या हंगामात, शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा कर खरेदी करणाऱ्यानेच भरायचा असा बदल आला. गाड्या आवारात उभ्या होत्या, काटा चालू होता, आणि त्या चालू काट्यावर खरेदीचा सगळा हिशेब बदलायचा होता. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा इथल्या जिनिंगमधून गाठींचा ट्रक सूतगिरणीकडे निघायच्या आधी प्रोग्रॅमला सरकारी प्रणालीकडून त्या बिलाचा नंबर आणावा लागतो. नंबर आला नाही तर ट्रक फाटकातच उभा. इकडे जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. आपल्याकडे गावात जिला नुसतं 'सोसायटी' म्हणतात, जिच्यातून पीक कर्ज मिळतं, ती संस्था या योजनेचा विषय आहे.

मोठ्या बँकेच्या प्रणालीकडून जी अपेक्षा, तीच या सगळ्यांकडून आहे. हिशेब एका पैशाने चुकता कामा नये, रोज संध्याकाळी डे-एंड (दिवसअखेरचा ताळा) झालाच पाहिजे, आणि पाच वर्षांपूर्वीचं व्हाउचर ऑडिटरने मागितलं तर ते निघालं पाहिजे. फरक एवढाच की मोठ्या बँकेत यासाठी शेकडो माणसं असतात. इथे तीच दोन-चार माणसं सकाळी कोड लिहितात आणि दुपारी मोटरसायकलवर सर्व्हर बघायला जातात.

आता तुमच्या कार्यक्रमांविषयी. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आलं आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या म्हणजे २०१४ ची ८, २०१८ ची ११, २०२१ ची १७, २०२३ ची २१ आणि २०२५ ची २५. परिषदेत साहजिकच शेवटच्या एक-दोन आवृत्त्यांवर भाषणं असतात. जावा २१ मधल्या व्हर्च्युअल थ्रेडवर (एकाच वेळी हजारो कामं चालवायची हलकी सोय) मी उत्तम भाषणं ऐकली आहेत. रेकॉर्ड, स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग अशा भाषेतल्या नव्या सोयी, हे सगळं आम्हाला आवडतं, घरच्या लॅपटॉपवर आम्ही ते करूनही पाहतो. पण सोमवारी सकाळी पतसंस्थेच्या सर्व्हरवर उघडतं ते जावा ८. आठवरून एकविसावर जायची वाट कुठल्या भाषणात फारशी येत नाही. आली तर एका स्लाइडपुरती येते, आणि त्या स्लाइडवर 'मायग्रेट करा' एवढंच असतं.

ही वाट कशी असते ते एका उदाहरणाने सांगतो. इथे थोडा वेळ घेतो, कारण माझं सगळं म्हणणं यातच आहे.

पतसंस्थांच्या जुन्या प्रणालींमध्ये व्याजाचं सूत्र पुष्कळदा कोडमध्ये नसतं, डेटाबेसच्या टेबलात असतं. संचालक मंडळाने ठराव करून दर बदलला, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त द्यायचं ठरवलं, मुदतीआधी ठेव मोडली तर किती कापायचं ते बदललं, की प्रोग्रॅमला हात न लावता सूत्र बदलता यावं हा त्यामागचा चांगला विचार. सूत्र जावास्क्रिप्टच्या एका ओळीत लिहायचं आणि जावा ८ सोबत आलेल्या नॅशहॉर्न या इंजिनाने ते चालवायचं. जावा ११ मध्ये नॅशहॉर्नवर 'पुढे काढणार' असा शिक्का बसला आणि सप्टेंबर २०२० च्या जावा १५ मध्ये ते काढलं गेलं. आता नव्या जावावर जुना कोड बिनतक्रार कंपाइल होतो (मशीनला चालवता येईल असा तयार होतो). सर्व्हर सुरू होतो, लॉगिन होतं, दिवसभर भरणा-उचल चालते. मग कोणीतरी मुलीच्या लग्नासाठी मुदत ठेव मोडायला येतं आणि कॅशिअरच्या स्क्रीनवर लाल अक्षरं येतात, कारण इंजिन मागितल्यावर हाती काहीच आलेलं नसतं. व्यवस्थापकाचा फोन येतो, "सर, काल व्याज बरोबर येऊन राहिलं होतं, आज काऊन नाही येऊन राहिलं?"

यावरचा पहिला उपाय सोपा आहे. नॅशहॉर्न आता वेगळी लायब्ररी (जोडता येणारा तयार कोड) म्हणून मिळतं, ती जोडली की काम चालू. पण खरा प्रश्न त्याच्या पुढे आहे. जावास्क्रिप्टमधली साधी संख्या ही दुहेरी अचूकतेची अपूर्णांक संख्या असते, आणि पैशाच्या हिशेबाला ती चालत नाही. दशांशात नेमक्या दिसणाऱ्या कित्येक रकमा तिच्यात नेमक्या बसतच नाहीत. म्हणून अनुभवी माणूस म्हणतो, आता हात घातलाच आहे तर सूत्र बिगडेसिमलमध्ये (जावाच्या नेमक्या दशांश संख्येत) नीट लिहू. लिहिलं, की काही खात्यांवर जुन्या आणि नव्या उत्तरात एका पैशाचा फरक पडतो. आता काय करायचं? गणिताने बरोबर असलेलं नवं उत्तर घ्यायचं, की पासबुकात आधीच छापलेल्या जुन्या उत्तराशी जुळवून घ्यायचं? बदलाच्या तारखेला चालू असलेल्या ठेवींना कुठला नियम लावायचा? ऑडिटरला काय दाखवायचं? एका खात्याचा एक पैसा कोणी विचारणार नाही, पण हजारो खात्यांची बेरीज खतावणीशी जुळली नाही तर डे-एंड अडतो.

या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही भाषेच्या माहितीपुस्तिकेत नाहीत. ज्यांनी मोठ्या बँका, विमा कंपन्या अशा बदलातून पार नेल्या आहेत, त्यांच्या अनुभवात ती आहेत. ती माणसं तुमच्या व्यासपीठांवर येतात. त्यांना आम्ही हेच विचारू इच्छितो. जुनी आणि नवी प्रणाली काही काळ शेजारी शेजारी चालवून रोजची उत्तरं कशी ताडून पाहायची, फरक आला तर कोणाच्या सहीने कुठलं उत्तर ग्राह्य धरायचं, आणि परत फिरायची वाट कुठपर्यंत उघडी ठेवायची. तिफण चालू असताना बैल बदलायचं हे काम आहे, आणि ते दुसऱ्याला करताना पाहिल्याशिवाय, स्वतः केल्याशिवाय अंगात येत नाही.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. जावा ११ मध्ये एक्सएमएल (माहितीच्या देवाणघेवाणीची एक मजकूर-मांडणी) बांधणीचा जॅक्सबी हा भाग जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, निघाला, म्हणून एक्सएमएलवर चालणाऱ्या जुन्या सरकारी किंवा बँकेच्या सेवांशी बोलणारा कोड अडतो. जावावरचा तयार सांगाडा असलेल्या स्प्रिंग बूट २.७ चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. ३.० ला किमान जावा १७ लागतं. शिवाय जावा ईई (मोठ्या प्रणालींसाठीचा जावाचा संच) एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे गेल्यानंतर 'जावाएक्स' या नावाखाली बदल करायची मुभा राहिली नाही, म्हणून जावा ईईची पॅकेजं 'जकार्ता' या नावाने सुरू झाली. आपल्या कोडमधली नावं ओपनरीराइटसारखं साधन बदलून देतं. पण रिपोर्ट छापणारी, एक्सेल काढणारी, कोणीतरी कधीतरी जोडलेली एखादी जार (तयार जावा कोडची फाइल) जुन्याच नावाची वाट पाहत असते, आणि ती लिहिणारा माणूस आता कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं.

मराठीमुळे पडणारे प्रश्न वेगळे, आणि ते मी तुमच्या कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत पाहिले नाहीत. ते फक्त आमचे आहेत असंही नाही. महाराष्ट्रात ज्या ज्या संस्थेत खातेदाराचं नाव मराठीत लिहिलं जातं, त्या सगळ्यांचे आहेत. फाइल वाचताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या आकड्यांत साठवली आहेत ते, सांगितलं नाही तर जावा पूर्वी त्या मशीनचं ठरलेलं एन्कोडिंग धरत असे. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून ते सगळीकडे यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं सामावणारं युनिकोडचं एन्कोडिंग, झालं. आमच्यासाठी ही चांगलीच बातमी आहे, कारण विंडोजच्या मशीनवर पिग्मी (रोजची बचत गोळा करणाऱ्या) एजंटच्या फाइलीतली नावं प्रश्नचिन्हं होऊन यायची. पण दहा वर्षांच्या जुन्या फाइली कुठल्या एन्कोडिंगमध्ये लिहिल्या गेल्या ते फाइलीवर लिहिलेलं नसतं. काही संस्थांचा जुना डेटा श्रीलिपीत आहे, काहींचा कृतीदेवमध्ये, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. तो युनिकोडमध्ये आणताना र्‍हस्व-दीर्घ आणि रफार जागच्या जागी राहिले की नाही, ते एकेक नाव वाचून पाहावं लागतं. सभासदांची यादी लावताना युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर आहे. नुसत्या कोडच्या क्रमाने लावलेली यादी बघून सचिव म्हणतात, नावं मागं-पुढं झाली. लाख-कोटींचा स्वल्पविराम घ्या. जावाच्या स्वतःच्या डेसिमलफॉरमॅटला (आकडे मांडून छापणाऱ्या भागाला) गट पाडायची एकच लांबी कळते, त्यामुळे तो १२,३४,५६७ असं छापू शकत नाही. त्यासाठी आयसीयू४जे ही लायब्ररी जोडावी लागते किंवा स्वतः कोड लिहावा लागतो. प्रत्येक टीम तो स्वतः लिहिते, प्रत्येकीचा थोडा वेगळा असतो, आणि उणे रकमेला कुठे ना कुठे अडखळतो. या एका विषयावर दीड तासाचं सत्र ठेवा. त्याला मुंबई-पुण्याचेही लोक येतील.

सुरक्षेचं एक सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी (लॉग) ठेवणाऱ्या लायब्ररीमधली 'लॉग४शेल' ही त्रुटी जाहीर झाली. लॉगमध्ये नुसती एक विशिष्ट ओळ लिहवून घेतली तरी बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. दुरुस्तीची आवृत्ती २.१५ आली, ती पुरेशी नाही म्हणून २.१६, मग २.१७, सगळं एकाच महिन्यात. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे कापसाचा ऐन भर. जिनिंगच्या आवारात रात्री उशिरापर्यंत गाड्या खाली होत असतात, सर्व्हर थांबवायला वेळच नसतो. त्या दिवसांत मोठ्या कंपन्यांनी आपल्या हजारो सर्व्हरची यादी काढून एकेक तपासला. आपल्या कुठल्या ठिकाणी कुठली जार, कुठल्या आवृत्तीची आहे, याची नेमकी यादी ठेवायची सवय लहान टीमांना कोणी लावलेली नाही. ती यादी आपोआप तयार करणारी साधनं फुकट मिळतात, बिल्डमध्ये (प्रोग्रॅम तयार करण्याच्या टप्प्यात) जोडायला अर्धा दिवस पुरतो. हे भाषणात ऐकून विसरायला होतं. लॅबमध्ये स्वतःच्या प्रोजेक्टला एकदा जोडून घेतलं की ते कायमचं राहतं.

आर्किटेक्चरच्या सत्रांबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. मायक्रोसर्व्हिसेस (एक प्रणाली छोट्या स्वतंत्र सेवांत तोडणं), ते तुकडे चालवणारं कुबर्नेटीस, त्यांच्यात संदेश वाहणारं काफ्का, यांवर तुमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते. ती तंत्रं चांगली आहेत, ज्यांना लागतात त्यांना लागतातच. पण आमच्याकडचा तरुण मुलगा ती भाषणं पाहतो आणि त्याला वाटतं, आपण करतो ते मागासलेलं काम. मग तो एका पतसंस्थेचं सुटसुटीत ॲप्लिकेशन नऊ तुकड्यांत तोडतो. ते तुकडे व्यवस्थापकाच्या केबिनमागच्या खोलीत, एका इन्व्हर्टरवर चालणाऱ्या एकाच मशीनवर चालतात, आणि त्यातला एक बंद पडला की कुठला बंद पडला हे शोधण्यात दुपार जाते. एकाच ॲप्लिकेशनचे आतल्या आत नीट भाग पाडायचे, ते भाग एकमेकांच्या टेबलांना हात लावणार नाहीत अशी शिस्त ठेवायची, हे काम तेवढंच अवघड आणि तेवढंच प्रतिष्ठेचं आहे. हे व्यासपीठावरून, मान असलेल्या माणसाच्या तोंडून त्या मुलाने ऐकलं पाहिजे. मी सांगून तो ऐकत नाही.

इथली दुसरी गोष्ट म्हणजे वीज आणि नेट. पावसाळ्यात लाइन जाते, रस्त्याच्या कामात फायबर तुटतो. कॅशिअरने जमा करण्याचं बटण दाबलं, उत्तर आलं नाही, त्याने पुन्हा दाबलं. पैसे एकदाच जमा व्हायला हवेत. पिग्मी एजंट दिवसभर दुकानादुकानांतून रोजची बचत गोळा करतो, संध्याकाळी मशीन जोडतो, अर्ध्यात नेट जातं, तो पुन्हा पाठवतो. त्याच पावत्या दुसऱ्यांदा आल्या आहेत हे सर्व्हरला ओळखता यायला हवं. प्रत्येक पावतीला तिच्या जन्मापासूनच वेगळा क्रमांक द्यायचा, तो क्रमांक सर्व्हरने आधी पाहिला असेल तर पहिलंच उत्तर परत द्यायचं, हे तत्त्व साधं आहे. पण मशीनचं घड्याळ मागे असेल, एजंटने मशीन बदललं असेल, किंवा एक पावती रद्द करून त्याच रकमेची दुसरी केली असेल, तेव्हा काय? या विषयात विदर्भातल्या टीमांनी जे काम केलं आहे ते ऐकण्यासारखं आहे. म्हणून मला नुसतं शिकवायला या असं म्हणायचं नाही. आमच्याकडच्या दोन-तीन जणांना व्यासपीठावर बोलायला लावा. ते इंग्रजीत बोलायला कचरतात, विषयाला कचरत नाहीत.

एआयने कोड लिहिण्यावर आता सगळीकडे सत्रं आहेत, त्यामुळे फार लिहीत नाही. आम्हीही ते वापरतो. डेटाबेसमध्येच साठवलेल्या आठशे ओळींच्या जुन्या प्रोग्रॅमचा (स्टोअर्ड प्रोसिजरचा) अर्थ लावायला त्याची चांगली मदत होते. पण थकीत कर्जावर आलेली वसुली आधी व्याजात घ्यायची की मुद्दलात, हे संस्थेच्या उपविधीत आणि ठरावांच्या बुकात असतं, आणि कधी कधी निवृत्त झालेल्या लेखापालाच्या डोक्यात. तिथपर्यंत पोचायचं काम माणसालाच करावं लागतं. ते पद्धतशीर कसं करायचं, जुन्या कोडचं आजचं वागणं जसंच्या तसं नोंदवून ठेवणाऱ्या चाचण्या आधी कशा लिहायच्या, यावर सत्र असेल तर एआयचाही आम्हाला जास्त उपयोग होईल.

तुम्ही म्हणाल, रेकॉर्डिंग आहेत की. बेल्जियमची डेव्होक्ससारखी परिषद आपली भाषणं यूट्यूबवर मोफत ठेवते, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण रेकॉर्डिंगला शंका विचारता येत नाही. आपल्या स्क्रीनवर आलेली चूक त्याला दाखवता येत नाही. आणि कार्यक्रमात चहाच्या वेळी जी ओळख होते, अडल्यावर ज्याला फोन करता येतो असा जो माणूस मिळतो, तो रेकॉर्डिंगमधून मिळत नाही. मोठ्या शहरातल्या प्रोग्रॅमरला शेजारच्या टेबलावर कोणीतरी असतं. तालुक्याच्या गावी एखाद्या गोष्टीत अडकलात तर तुम्ही एकटेच असता.

मग तुम्हीच या ना बंगळुरूला, असंही कोणी म्हणेल. आम्ही जातो, जमेल तेव्हा जमेल तो. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जायचं तरी एक रात्र जाते, बंगळुरू त्याहून लांब. तिकीट, प्रवेशशुल्क, राहणं धरलं तर नव्या मुलाच्या महिन्याच्या पगारात ते बसत नाही, आणि लहान मालकाला दोघांना एकदम पाठवलं तर मागे काम बघायला कोणी उरत नाही. सगळ्यात जास्त अडतं ते मुलींचं. आमच्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून हुशार मुली शिकून बाहेर पडतात. त्यातल्या काही लग्न होऊन तालुक्याच्या गावीच असतात आणि पतसंस्थेत, जिनिंगच्या ऑफिसात किंवा आमच्यासारख्या टीमांत उत्तम काम करतात. माझी एक सहकारी डेटाबेसच्या कामात आमच्या सगळ्यांपेक्षा सरस आहे. तिचं मूल लहान आहे, चार-पाच दिवस बाहेरगावी राहणं तिला शक्यच नाही. सेवाग्रामला किंवा यवतमाळला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत असेल तर ती पहिल्या रांगेत बसेल. दोन दिवस पाळणाघराची एक खोली ठेवलीत तर तिच्यासारख्या कितीतरी जणी येतील. ही सोय कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापा, म्हणजे घरी दाखवता येईल.

आता नेमकं काय करता येईल ते.

जागा: सेवाग्राम, अमरावती, यवतमाळ, पुसद, शेगाव, या सगळ्या ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, त्यांच्याकडे लॅब आहेत, वसतिगृहं आहेत. पंचतारांकित हॉल नको. वीज, नेट आणि प्रत्येक दोघांमागे एक मशीन एवढं पुरे. माझी पसंती सेवाग्रामला, कारण वर्धा हावडा-मुंबई मार्गावर आहे, नागपूर विमानतळ जवळ आहे, आणि चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती या तिन्ही बाजूंनी लोकांना येता येतं. गडचिरोली आणि गोंदियाच्या लोकांना एक मुक्काम लागेल, तो वसतिगृहात होईल.

महिना: कृपा करून ऑक्टोबर ते मार्च ठेवू नका. दसऱ्यानंतर कापूस येतो, जिनिंगचं काम करणारा माणूस हलू शकत नाही. मार्चअखेर पतसंस्थांची वर्षसमाप्ती, त्यानंतर ऑडिट. एप्रिल-मे मध्ये इथे ऊन पंचेचाळीस अंशांच्या वर जातं, बाहेरच्या पाहुण्यांना ते सोसणार नाही. जुलैचा मध्य ते पोळ्याच्या आधीचा आठवडा, हाच काळ सगळ्यांना मोकळा. पाऊस असेल, पण पावसात आम्ही येतो.

स्वरूप: भाषणं कमी, हातकाम जास्त. जावा ८ वर लिहिलेली एक नमुना पतसंस्था आधीच तयार ठेवायची, तिच्यात वर सांगितलेले सगळे खड्डे मुद्दाम असलेले: टेबलातलं व्याजाचं सूत्र, जुनी एक्सएमएल सेवा, जुन्या नावाची रिपोर्टची जार, मराठी नावांची फाइल. पहिल्या दिवशी जोडीजोडीने ती २१ वर न्यायची. दुसऱ्या दिवशी जुनी आणि नवी शेजारी चालवून डे-एंड ताडून पाहायचा, फरक शोधायचे, ते कसे मिटवायचे ते ठरवायचं. दुपारनंतर ज्याने त्याने आपापल्या प्रोजेक्टमधली अडचण मांडायची आणि जाणत्यांनी सोबत बसायचं. खऱ्या खातेदारांचा डेटा मात्र कोणालाही आणू देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी लोकांच्या ठेवींची माहिती लॅबमध्ये फिरवणं बरोबर नाही. नमुना पतसंस्था खोट्या नावांसह लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. ती सगळ्यांसाठी खुली ठेवू, म्हणजे पुढे मराठवाड्यात किंवा खानदेशात कोणी असाच कार्यक्रम घेतला तर त्यांनाही ती कामी येईल.

भाषा: ऑफिसात आपण बोलतो तशी मराठी. स्लाइड इंग्रजीत असू द्या, तांत्रिक शब्द आहेत तसेच राहू द्या, पण समजावून सांगणं आणि प्रश्नोत्तरं मराठीत होऊ द्या. इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हटला की आमच्याकडचा मुलगा गप्प बसतो आणि परत गेल्यावर मला विचारतो. त्याने तो प्रश्न ज्याला उत्तर नीट येतं त्यालाच विचारावा, अशी माझी इच्छा आहे.

वक्ते कुठून आणायचे याची चिंता करू नका. पुण्यात, बंगळुरूत, परदेशात मोठमोठ्या प्रणालींवर काम करणारे कितीतरी जण अकोला, वाशीम, बुलढाणा, भंडारा इथले आहेत. दिवाळीला ते गावी येतात, ओळखीच्यांना नोकरीबद्दल सल्ला देतात. त्यांना तुमच्या समितीचं रीतसर निमंत्रण गेलं तर पावसाळ्यात दोन दिवस काढून ते येतील. आम्ही नुसतं बोलावलं तर ते बोलण्यावारी जातं. तुमच्या नावाने बोलावणं गेलं की ते त्यांच्या ऑफिसातही काम म्हणून धरलं जातं आणि रजा मिळते.

शुल्क ठेवा, फुकट नको. पण ते इतकंच असावं की जेवण आणि कॉलेजचा खर्च निघेल. पतसंस्थांचे फेडरेशन, बाजार समित्या, जिनिंगवाल्यांच्या संघटना यांच्याकडे मदत मागायला आम्ही स्वतः जाऊ. या लोकांचा रोजचा धंदा या सॉफ्टवेअरवर चालतो, समजावून सांगितलं तर ते मागे हटणार नाहीत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मागच्या बाकांवर जागा द्या, पण मशीन आधी काम करणाऱ्यांना. त्यांना ती संधी पुन्हा लवकर मिळत नाही.

पुढच्या वर्षीच्या परिषदेची रूपरेषा तुम्ही ठरवाल तेव्हा समितीतल्या दोघांना आधी एकदा इकडे पाठवा. कॉलेजची लॅब दाखवू, एखाद्या पतसंस्थेत संध्याकाळचा डे-एंड कसा होतो तो दाखवू, आणि काटा चालू असताना आमचं सॉफ्टवेअर कसं वापरलं जातं तेही. यायचं ठरलं तर हंगामात या, पाहायला तेव्हाच मिळतं. वर्धा स्टेशनवर घ्यायला आम्ही येऊ.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक प्रोग्रॅमर